कळंबची पेटी

जुन्नर
६ मे २००८

दादाभाऊ,

'सप्रेम नमस्कार' लिहिलं आणि खोडलं. खोडलेलं तुला दिसेल, दिसू दे. तेवढ्यासाठी नवा कागद घ्यावा असं मला वाटलं नाही.

ई-मेल करत नाही, कारण तू तो वाचलास की नाही हे मला कधीच कळणार नाही. हे पत्र रजिस्टर करणार आहे, पोचपावतीसकट. बंगलोरच्या पोस्टमनला तू सही तर देशील.

१७ एप्रिलला इथे काय झालं ते तुझ्या कानावर आलं असेलच, पण माझ्याकडूनही ऐक. दुपारी लाइट गेली. जनरेटर दोनदा धापा टाकून गप्प बसला. सर्व्हर रूमचा एसी बंद, बाहेर उन्हाचा कहर. लाइट परत आली तेव्हा पेटीतल्या आठ डिस्कांच्या रांगेतल्या दोन गेल्या होत्या. एक गेली तर पेटी सावरून घेते आणि दोन गेल्या की अख्खी रांग जाते, हे इथे माझा वरिष्ठ होतास तेव्हा तूच मला शिकवलंस. कंपनीला दूध घालणाऱ्या बेचाळीस हजार गाईम्हशींची माहिती त्या रांगेत होती. कोणती कोणाची लेक, बाप कोणता वळू, किती वेळा व्याली, कोणती लस कधी टोचली. अकरा वर्षांच्या नोंदी.

आणि मी काय केलं सांगू? मी हसले. मोठे साहेब घामाघूम होऊन दारात उभे, आणि मी त्यांना म्हणते, "साहेब, चहा घ्या तुम्ही. कळंबला दुसरी पेटी आहे, हुबेहूब प्रत. संध्याकाळच्या आत सगळं उभं करते." इतकी खात्री मला माझ्या नावाचीही नव्हती.

जीप घेऊन कळंबला गेले. चिलिंग सेंटरच्या मागच्या खोलीतलं ते कपाट तिथल्या राखणदार सावळेरामने किल्लीने उघडलं. आत खालच्या फळीवर यूपीएस, त्यावर दोन हिरवे दिवे. वरच्या फळीवर, जिथे पेटी असायला हवी तिथे, थर्माकोलचा तुकडा. सावळेराम माझ्या तोंडाकडे बघत म्हणाला, "मॅडम, दिवं तर हिरवंच हायत की."

परत येऊन मी तुझी सगळी मांडणी उलगडली. रोज सकाळी पडद्यावर मला दोन नावं दिसायची, 'जुन्नर' आणि 'कळंब', दोन्हीपुढे बरोबरची खूण. 'कळंब' नावाचा तो कप्पा जुन्नरच्याच पेटीत होता. त्याच आठ डिस्कांवर. दोन प्रती, एकच लोखंड. एक गेली तेव्हा दुसरीही त्याच क्षणी गेली.

हे नवं तंत्र तू २००५ साली आणलंस तेव्हा मला ते डोक्यात बसेना. तू म्हणालास, "आमच्या तात्यांचा मेंढरांचा वाडा आठव. पाच घरांची मेंढरं एकत्र चरतात, एकत्र बसतात. ज्याची त्याला कानाच्या खुणेवरून कळतात. कोणतं मेंढरू कुठल्या कोपऱ्यात बसलंय हे मालकाने कशाला बघायचं? ते राखणारा बघतो. तू आता लोखंड विसर, प्रज्ञा. तुला फक्त कप्पे दिसतील. कप्पा कुठल्या लोखंडात आहे ते वरचा थर बघेल." मला इतकं आवडलं ते! घरी जाऊन अप्पांनाही सांगितलं. लोखंड विसर म्हणालास, मी विसरले. आणि तू एकाच मेंढीचे दोन कान दाखवून दोन मेंढ्या मोजून दिल्यास.

पेटी आली होती, हे मला माहीत आहे. पोच घेतल्याच्या कागदावर तुझी सही आहे. ती कुठे गेली ते तुला माहीत आहे.

मला कामावरून थांबवलं आहे. ३० मेला चौकशी आहे. तीन वर्षं रोज सकाळी 'दोन्ही प्रती तपासल्या' या तक्त्यावर माझी सही आहे, टेपवर प्रत घेणं बंद केल्याच्या कागदावर माझी सही आहे, आणि गाईंची जुनी कागदी कार्डं रद्दीत द्यायला हरकत नाही, यावरही माझीच. टेप बंद करू या, हे तू म्हणालास. सही मी केली. गावात तर आता मीच ती पेटी विकली असं झालं आहे.

मला तुझ्याकडून चार ओळी हव्यात. कळंबची पेटी २००५ पासूनच तिथे नव्हती आणि हे प्रज्ञाला ठाऊक नव्हतं. खाली सही. ३० तारखेच्या आत. बाकी तू का केलंस, कुणासाठी केलंस, ते मी विचारतही नाही.

प्रज्ञा


जुन्नर
१५ मे २००८

दादाभाऊ,

पोचपावती आली. सही तुझीच, ते लांबलचक शेपूट असलेलं 'द'.

आणि काल तुझा फोनही आला. दीड वर्षाने. मी इतकी वेडी की तुझा आवाज ऐकल्यावर आधी बरं वाटलं. तू अप्पांच्या गुडघ्याची चौकशी केलीस, आईच्या डोळ्यांची केलीस. मग म्हणालास, "अगं, मिटवून टाक ना. कुणाचा जीव गेलाय का? राजीनामा दे, हिंजवडीत माझ्या ओळखी आहेत, जुलैत जॉइन हो. तिथे तुला कोण विचारतंय जुन्नरला काय झालं." मी विचारलं, "आणि चार ओळी?" तर म्हणालास, "लेखी कशाला? लेखी दिलं की माझं इथलं सगळं अडकतं."

म्हणजे लेखीची भीती तुलाही आहे. मला तर तू तीन वर्षं रोज सकाळी लेखी द्यायला लावलंस.

राजीनामा दिला तर मीच केलं असा अर्थ होतो, हे तुला कळत नाही असं समजू? चौकशी नेमली त्या दिवशी खरेदीचे मॅनेजर दाराशी कुणाला तरी म्हणत होते, "मी आधीच बोललो होतो, असली जबाबदारीची जागा यांच्या हातात द्यायला नको." यांच्या म्हणजे कुणाच्या, हे मी विचारलं नाही. आपल्या तालुक्यात ते विचारावं लागत नाही. जनावरांच्या दवाखान्यात शिपाई असलेल्या चांगदेवची मुलगी त्या काचेच्या खोलीत बसते, हे आमच्या आळीतल्या प्रत्येक घरातल्या पोरींना सांगितलं जातं, रे. मी राजीनामा देऊन गुपचूप हिंजवडीला गेले, तर त्या पोरींना काय सांगायचं? पुढच्या वेळी आमच्यातलं कुणी अर्ज घेऊन आलं, तर 'मागं एक होती' एवढंच म्हणायला त्यांना पुरेल.

सावळेरामला मी नीट विचारलं. बिचारा रडकुंडीला आला होता. म्हणाला, "दादाभाऊ सायबांनी मला पैल्या दिशीच सांगितलं व्हतं, सावळेराम, कपाटाला हात लावायचा न्हाई, करंट हाय. जाळीतनं बघायचं आन् मॅडमचा फोन आला की दिवं सांगायचं. मी बघायचो, हिरवं व्हतं, हिरवं सांगायचो. मला काय ठावं ते दिवं कशाचं हायत?" रोज सकाळी साडेनऊला मी फोन करायचे आणि तो म्हणायचा, "हिरवं हाय मॅडम, दोन्ही हिरवं." यूपीएसचे दिवे. वीज आहे, एवढंच ते दिवे सांगत होते. मी त्याला एकदाही विचारलं नाही की दिव्यांच्या मागे काय आहे. त्याच्यावर मी ओरडले नाही. त्याच्यावर ओरडायचं तर आधी मला आरशासमोर उभं राहावं लागेल.

कुणाचा जीव गेला नाही म्हणालास. जनावरांच्या डॉक्टर शीलाताई रोज सकाळी गोठ्यागोठ्यांतून वही घेऊन फिरतात. "ही कुणाची लेक? हिचा बाप कोण?" सख्ख्या बापाकडून कालवड फळवली जाऊ नये म्हणून तर ती नोंद होती. घराघरांतल्या बायांना आठवेल तेवढं लिहायचं. कोंडाबाई त्यांना म्हणाली, "बाई, कागुद तुमचं हरवलं, आन् मला कशाला तपासताय?" शीलाताई हसत सांगत होत्या. मला हसू आलं नाही.

हिंजवडी नको. चार ओळी पाठव. अजून पंधरा दिवस आहेत.

प्रज्ञा


जुन्नर
२४ मे २००८

दादाभाऊ,

चार ओळी आल्या. माझ्याकडे नाही, कंपनीकडे.

चौकशी अधिकाऱ्यांनी मला बोलावून त्या वाचायला दिल्या. छापून काढलेला ई-मेल. 'डिसेंबर २००६ मध्ये मी कंपनी सोडली तेव्हा दोन्ही पेट्या सुस्थितीत होत्या. त्यांचा ताबा प्रज्ञा यांनी पाहून घेतल्याची त्यांची सही सोबत जोडली आहे. त्यानंतरच्या बाबींविषयी मला माहिती नाही.' आणि शेवटी, 'त्या मेहनती आहेत, त्यांच्याबाबत सहानुभूतीने विचार व्हावा ही विनंती.'

सहानुभूती! दादाभाऊ, ते शब्द वाचून मला वाटलं, आत्ताच्या आत्ता बंगलोरची गाडी धरावी आणि तुझ्या ऑफिसात सगळ्यांसमोर तुला विचारावं. गप्प बसला असतास तर मी म्हटलं असतं घाबरला, बायकापोरांचा माणूस आहे. पण तू गप्प बसला नाहीस. बसून, विचार करून, माझी ताब्यावरची सही शोधून काढलीस. दीड वर्ष ती जपून ठेवली होतीस. म्हणजे जातानाच तुला ठाऊक होतं की ती एक दिवस लागणार आहे.

तो दिवस मला आठवतो. तू पेढे आणले होतेस. कागद पुढे केलास आणि म्हणालास, "कर सही, कळंबला जाऊन कशाला बघतेस, मी आहे ना." मी पेढा खात सही केली.

आता मी तुला जे सांगणार आहे ते कुणालाच सांगितलेलं नाही. अप्पांनासुद्धा नाही.

मला शंका आली होती. त्याच्या आदल्याच महिन्यात, नोव्हेंबरात, कळंबची प्रत बिघडली आणि आपण ती पहिल्यापासून नव्याने भरली. कळंबला डेटा नेणारी आपली लाइन किती बारीक, हे मला पाठ होतं. मी कागदावर हिशेब मांडला होता, कमीत कमी नऊ तास. ती पंचवीस मिनिटांत भरली. मी तुझ्याकडे आले. तू मान वर न करता म्हणालास, "मधे डेटा आवळून जातो ना." मी बरं म्हटलं.

पण त्यात अर्ध्याहून जास्त गाईंचे फोटो होते, दादाभाऊ, आणि फोटो आधीच आवळलेले असतात. पुन्हा आवळले तरी त्यांचं वजन घटत नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. मी जीप मागवून कळंबला गेले असते तर एका दुपारचं काम. मी गेले नाही. महिन्याभरात तू जाणार होतास, आणि तुझी खुर्ची मला मिळणार होती. प्रश्न विचारणारीला ती मिळाली नसती, असं मला वाटलं. तो हिशेबाचा कागद मी फाडला.

हे वाचून तुला हायसं वाटेल. वाटू दे. तुझ्या ई-मेलमुळे मला एक कळलं, की मी तुझी शिष्या होते ती फक्त कामापुरती नाही. एवढ्यावरच थांबायचं की पुढेही तुझ्यासारखंच वागायचं, हे मला सहा दिवसांत ठरवायचं आहे.

प्रज्ञा


जुन्नर
२ जून २००८

दादाभाऊ,

हे शेवटचं पत्र.

चौकशी झाली. मी आधी पंचवीस मिनिटांचं सांगितलं. सगळं, फाडलेल्या कागदासकट. अधिकारी म्हणाले, "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं." मी म्हटलं, "शंका होती. मी ती दाबली. पेटी मात्र मी हलवली नाही, आणि ती नाही हे मला १७ एप्रिलला कळलं." ते म्हणाले, "याला पुरावा?" माझ्याकडे पुरावा नव्हता. एका बाजूला माझा शब्द आणि दुसऱ्या बाजूला माझ्याच हजारभर सह्या.

तेवढ्यात शिपाई आत आला. बाहेर एक म्हातारे बसले आहेत, म्हणे, आत येऊ द्या म्हणतात.

तुझे वडील होते, दादाभाऊ. बहिरूतात्या.

महाळुंग्याहून ते सकाळच्या एसटीने एकटे आले होते. दोन दिवस आधी आमच्या घरी आले होते म्हणे, हे मला मागाहून कळलं. गावातलं ऐकून अप्पांना विचारायला आले, "चांगदेव, पोरीवर पेटीचा आळ आलाय म्हंत्यात. पेटी म्हंजी केवढी रं?" अप्पांनी दोन्ही हात पसरून दाखवली. तात्यांनी चहा अर्धा ठेवला आणि उठून गेले.

चौकशीच्या खोलीत त्यांनी डोक्याचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं, आणि खुर्चीच्या काठावर बसले. ते जे बोलले ते मी शब्दन् शब्द लिहिते, कारण ते लिहून घेताना कारकुनाने सगळं पुस्तकी करून टाकलं.

"सायेब, पोरीला कायबी ठावं न्हाई. ती पेटी म्या नेली. माज्या टेम्पोत. चाकणच्या बाजाराची अकरा मेंढरं व्हती मागं, आन् म्होरं पेटी, गोधडीत गुंडाळल्याली. पोरगं संगट व्हतं. म्हनलं, तात्या, पेटी खराब निगाली, भोसरीला बदलून आनायचीय. मोशीच्या नाक्यावं जकातीची पावती फाडली. भोसरीला यका हापिसात उतरली. तितली मानसं लई खूस झाली, पोराला खुर्ची दिली. परत आनाया मला कुनी बोलावलं न्हाई. मला वाटलं, कंपनीच्या गाडीनं आली आसंल."

आणि त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. त्यात मेंढ्यांच्या औषधाच्या चिठ्ठ्या, रेशन कार्ड, मतदानाचं कार्ड, आणि ती पावती. २४ सप्टेंबर २००५. 'कॉम्प्युटर पेटी, नग १'. माल नेणाऱ्याच्या जागी तुझी सही. तात्यांना वाचता येत नाही. सरकारी शिक्क्याचा कागद टाकायचा नसतो, एवढंच त्यांना ठाऊक, म्हणून ठेवलेली.

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "बाबा, तुम्ही कुणाविरुद्ध बोलताय हे ठाऊक आहे ना?"

"ठावं हाय. म्हून तर बसून बोलतुय. हुबं ऱ्हावत न्हाई."

भोसरीचं ते ऑफिस कुणाचं होतं आणि त्यातूनच तुझी बंगलोरची वाट कशी निघाली, हे कंपनीने दुसऱ्या दिवशी दोन फोन करून शोधून काढलं. आता त्यांचे वकील तुला लिहितील. त्यांचं ते बघतील. मला परत घेतलं आहे, एक पायरी खाली. पंचवीस मिनिटांसाठी ती शिक्षा मला मान्य आहे. माझ्या जागी येणाऱ्या माणसाला मी पहिल्या दिवशी जीपमध्ये घालून कळंबला नेणार आहे.

पण पत्र यासाठी लिहिलं नाही.

तात्यांना सोडायला मी एसटी स्टँडवर गेले. महाळुंग्याच्या गाडीला वेळ होता. मी त्यांच्यासाठी केळी घेतली, त्यांनी ती पिशवीत ठेवली. मग म्हणाले, "पोरी, तू त्याला लिव्हतीस न्हवं? चांगदेव म्हनत व्हता. यक काम कर. म्या सांगितलं आसं लिव्हू नगं. पावती कंपनीतच कुटं तरी गावली म्हन. त्याला वाटंल, बापानं दावा साधला. लांब हाय त्यो. गावचं कुनी न्हाई तितं. जीवाला लावून घील."

त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, "सबूद दे."

मी दिला. "बरं तात्या" म्हटलं. आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. इतका वेळ, त्या खोलीत सगळ्यांसमोर, नव्हतं आलं.

दादाभाऊ, तुझ्या चार ओळींनी हे सगळं थांबलं असतं. मला वाचवायला नाही लिहिल्यास तर नाही, मी तुझी कोण? पण तू लिहिल्या नाहीस म्हणून त्या म्हातारपणी त्यांना सांगाव्या लागल्या. मला फसवलंस ते मी आज ना उद्या विसरेनही. त्यांच्याच टेम्पोतून, त्यांच्याच गोधडीत ती पेटी नेलीस, ते मात्र मी कधीच विसरणार नाही.

त्यांना दिलेला शब्द मी या पत्राने मोडला आहे. त्याची मला लाज वाटते, पण पत्र फाडणार नाही. कुणी सांगितलं हे तुला कळू नये, एवढी सूट तुला मिळावी असं मला वाटत नाही.

एसटीत चढताना ते कौतुकाने सांगत होते, की तू दर रविवारी सकाळी न चुकता शेजाऱ्यांच्या फोनवर त्यांना बोलावतोस. या रविवारीही बोलाव. ते तुला काही कळू देणार नाहीत. पाऊस पडला का विचारतील, मेंढरांचं सांगतील, जेवलास का विचारतील. तू सगळं माहीत असताना त्यांना उत्तर दे.

प्रज्ञा